गेटवेसमोर की मांडव्याला: शिडाची होडी कुठे बांधावी?

दसरा जवळ आला की मला दोन-तीन फोन ठरलेले. कुणीतरी जुनी शिडाची होडी घेतलेली असते, चोवीस ते अठ्ठावीस फुटांमधली. पावसाळाभर तिला घासून-रंगवून झालेलं असतं, घरच्यांची समजूत अर्धीमुर्धी काढून झालेली असते आणि प्रश्न एकच उरलेला असतो: ठेवायची कुठे? मुंबईत गेटवेसमोर की बंदरापलीकडे अलिबागजवळच्या मांडव्याला?

मी दोन्हीकडे राहिलो आहे. आधी पाच मोसम गेटवेसमोर, त्यानंतरचे चार मांडव्याला. राहिलो म्हणजे फ्लॅट विकून होडीवर गेलो असं नव्हे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर जायचं, सोमवारी पहाटे परतायचं आणि नाताळच्या सुमारास रजा साठवून सलग दहा-बारा दिवस काढायचे, एवढाच हा संसार. पण सलग चार रात्री काढल्या तरी ती जागा चाळीसारखी वाटायला लागते. कोण किती वाजता उठतं, कुणाच्या स्टोव्हवर काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं कळतं. त्यामुळे माझा हिशेब मुख्यतः शेजाराचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना रविवारी चार तास शीड उभारून संध्याकाळी घरी जेवायला जायचं आहे त्यांनी बिनदिक्कत गेटवे घ्यावं, पुढचं वाचायची गरज नाही.

कागदपत्रांचं लवकर उरकतो. गेटवेसमोरचं पाणी मुंबई बंदर प्राधिकरणाचं, मांडव्याची जेट्टी महाराष्ट्र सागरी मंडळाची. खेटे दोन्हीकडे घालावे लागतात, झेरॉक्स दोन्हीकडे कमीच पडतात. पैशांचं म्हणाल तर मूरिंगमध्ये, म्हणजे होडी बांधायच्या जागेत, जे वाचतं ते बोटीच्या तिकिटांत जातं. वर्षअखेरीला माझ्या वहीत फरक एकोणीस-वीसच निघाला.

भरती-ओहोटीही तीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, हा जुना हिशेब दोन्ही किनाऱ्यांना चालतो. उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, तेव्हा नांगराचा दोर भरतीचं पाणी धरून सोडायचा. तळाला दोन्हीकडे गाळ आहे. नांगर बरा धरतो, वर येताना मात्र अर्धा तळ सोबत घेऊन येतो आणि डेकवर जे काही पसरतं ते धुवायला दोन बादल्या लागतात.

आता गेटवेची बाजू. ती खरोखरच जड आहे, उगाच हलकी करून सांगणार नाही.

थंडीच्या महिन्यांत आपल्याकडे वाऱ्याचं वेळापत्रक असतं. पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, दहा-अकराला वारा पडतो, आणि जेवणं झाली की वायव्येकडून खारा वारा भरू लागतो. गेटवेसमोरची होडी तेव्हा कुलाब्याच्या आडोशाला असते. प्राँग्सच्या दीपगृहापलीकडे पाण्यावर फेस उडत असतो आणि इथे आपण निवांत कांदा चिरत बसू शकतो. मांडव्याला त्याच वेळी काय चाललेलं असतं ते पुढे सांगतोच.

दुसरं म्हणजे शहर पाठीशी आहे. गेटवेला असताना एका शुक्रवारी रात्री माझ्या इंजिनाचा इंपेलर, म्हणजे पाणी फिरवणारा रबरी पंखा, फाटला. शनिवारी सकाळी अकराला नागदेवी स्ट्रीटवरच्या एका गाळ्यातून तसाच दुसरा हातात होता. स्टेनलेसचे शॅकल, होज क्लिपा, पितळी नटबोल्ट सगळं तिथे मिळतं, आणि जहाजावरचं काही जुनं-मजबूत हवं असेल तर दारूखान्याचा भंगारबाजार आहेच, वजनावर घ्या. मांडव्याला तोच इंपेलर गेला तेव्हा आठवडा गेला, कारण मी चुकीच्या मापाचा घेऊन गेलो होतो आणि बदलून आणायला पुढचा शुक्रवार उजाडावा लागला. चूक माझीच, पण गेटवेला असतो तर ती दोन तासांत निस्तरली असती.

मासळीचं सांगायला नकोच. ससून डॉक १८७५ पासून तिथे आहे आणि पहाटे पाचला गेलात तर पिशवीभर कोलंबी घेऊन सहाला होडीवर परत. आणि देखावा! जानेवारीत सकाळी धुक्यातून आधी ताजचा घुमट, मग हळूहळू गेटवेची कमान वर येते. १९२४ साली बांधून झालेली ही कमान आपण लहानपणापासून जमिनीवरून बघतो, पण ती मुळात पाण्याकडून बघायची वास्तू आहे हे होडीवर झोपून उठल्यावर कळतं. दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्याच बंदरातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि २०१० च्या मेमध्ये इथेच परत आले. चहाचा कप हातात धरून त्या वाटेकडे बघताना आपलीही छाती चार बोटं फुगते. मग मांडव्याची पहिली बोट जाते आणि चहा मांडीवर सांडतो.

त्या लाटेकडे यायचंच आहे, पण आधी एक लहान तक्रार. गेटवेला स्वतःची डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, घेऊन किनाऱ्याला लागणं फार अवघड. २००८ च्या नोव्हेंबरात कफ परेडच्या मच्छीमारनगरला रबरी डिंगीतून कोण उतरलं होतं ते मुंबईत कुणी विसरलेलं नाही, आणि विसरूही नये. त्यामुळे अंधारात आउटबोर्ड लावलेली रबरी डिंगी किनाऱ्याकडे येताना दिसली की टॉर्च पडतो, नाव-गाव विचारलं जातं. मला एकदा हातात पावाची लादी आणि कोथिंबिरीची जुडी असताना पंधरा मिनिटं उभं केलं होतं. हवालदारसाहेबांची काही चूक नव्हती. शेवटी "कोथिंबीर कितीला घेतली?" एवढं विचारून त्यांनी सोडलं. तुम्ही कुलाब्यातल्या एखाद्या क्लबचे सभासद असाल, रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ पासूनचा आहे, तर हा प्रश्न तुमच्यापुरता सुटलेला: क्लबची लाँच नेते, क्लबची लाँच आणते. मी सभासद नव्हतो. माझं जाणं-येणं होडीवाल्याच्या मर्जीवर, आणि होडीवाल्याची मर्जी पर्यटकांच्या गर्दीवर.

एवढ्यावर मी गेटवे सोडलं नसतं. सोडलं ते लाटेमुळे.

नवख्या माणसाला वाटतं लाँच गेली की होडी हलेल. तसं होत नाही. लाँच जाते तेव्हा पाणी शांतच असतं. ती लांब गेली, आपण तिला विसरलो, भाजीला फोडणी घातली, की मग तिची लाट येऊन पोचते. पहिली छोटी, दुसरी मोठी, तिसरी सगळ्यात वाईट. होडी आडवी डोलायला लागते, हॅल्यार्ड, म्हणजे शीड चढवायचे दोर, डोलकाठीवर टण टण वाजायला लागतात, कपाटातल्या बरण्या इकडून तिकडे जातात. मिनिटभरात सगळं शांत होतं आणि तेवढ्यात दुसरी लाँच. घारापुरीच्या लाँच, मांडव्याच्या बोटी, गेटवेलाच गोल फिरवून आणणाऱ्या, नौदलाच्या, बंदराच्या पायलट बोटी, आणि दिवसाच्या सगळ्या मिटल्या की रात्री-बेरात्री ससूनहून निघणारे मच्छीमार. मोजमाप करायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. एका रविवारी सकाळी चहाच्या मापाने मोजलं: पाणी ठेवण्यापासून कप रिकामा होईपर्यंत तीन लाटा. तेव्हापासून गेटवेला आम्ही चहा अर्धा कपच ओतायचो.

याचीही सवय होते, खरंच होते. दुसऱ्या मोसमात मला झोपेत लाट कळेनाशी झाली. सवय झाली नाही ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती माझ्या लक्षात यायला पाच वर्षं लागली.

माझ्या शेजारच्या बोयाला, म्हणजे होडी बांधायच्या तरंगत्या खुणेला, एका निवृत्त चीफ इंजिनिअरांची होडी असायची. व्यापारी जहाजांवर आयुष्य काढलेले, सगळे त्यांना चीफच म्हणायचे. लाकडी होडी, जड, पोटात भरपूर वजन. माझी फायबरची, हलकी. पाच वर्षं आम्ही शेजारी होतो. रोज सकाळी हात वर करायचा, संध्याकाळी ओरडून बोलायचं, "वारा आहे का?", "आहे, पण नको त्या बाजूचा." एका जानेवारीत शनिवारी चीफ म्हणाले, "आज तुझ्याकडे होडी लावतो. वहिनींना सांग, खिचडी मी आणतो." संध्याकाळी सातला त्यांनी होडी शेजारी आणली. चार फेंडर, म्हणजे होड्या घासू नयेत म्हणून लावायच्या रबरी उशा, मधे, पुढे दोर, मागे दोर, मधला तिरका दोर. डोलकाठ्या एकमेकींसमोर येऊ नयेत म्हणून त्यांची होडी हातभर पुढे. सगळं रीतसर. माणसाने चाळीस वर्षं जहाजं धक्क्याला लावलेली.

खिचडीचं भांडं एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर जात होतं. भांड्याच्या एका कानाला मी, दुसऱ्या कानाला ते. दहा मिनिटांपूर्वी गेलेल्या कुठल्यातरी बोटीची लाट तेव्हाच आली. माझी हलकी होडी चटकन वर आली, त्यांची जड होडी अजून खालीच जात होती. मग त्यांची वर, माझी खाली. दोघींचा डोलायचा ताल वेगळा. एक फेंडर दबून दबून फटकन फुटला, वर डोलकाठीचा आडवा दांडा, स्प्रेडर, स्प्रेडरवर आपटला, आणि कोलंबीची खिचडी दोन्ही होड्यांच्या मधल्या वीतभर फटीतून बंदराला अर्पण झाली. भांडं मात्र माझ्या हातात राहिलं. चीफ क्षणभर त्या फटीकडे बघत राहिले. "सोड रे दोर," ते म्हणाले, "आपण फोनवर जेवू."

आणि खरंच तसं जेवलो. ते त्यांच्या बोयाला परत गेले, हिने घाईने पिठलं टाकलं, त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला, आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर हाक मारून ७२ वर आम्ही तासभर गप्पा मारल्या. माझ्यापासून पन्नास मीटरवर बसलेल्या माणसाशी, बटण दाबून. पाच वर्षांच्या शेजारात त्यांचा पाय माझ्या होडीला मोजून तीनदा लागला होता, तोही डिंगीतून, कपडे भिजवत. लाटेचा त्रास होतो तो हा. पोटातली ढवळाढवळ सोसता येते, पण होडीला होडी लावता येत नसेल तर शेजारी हा फक्त दिसणारा माणूस राहतो.

पुढच्या मोसमात मी मांडव्याला गेलो.

मांडव्याला बोटी नाहीत का? आहेत. प्रवासी कॅटामरान आहेत, २०२० पासून भाऊच्या धक्क्याची, गाड्याही नेणारी रो-रो आहे. पण त्या एका वाटेने येतात, जेट्टीला लागतात, त्याच वाटेने जातात. जेट्टीपासून बऱ्यापैकी लांब नांगर टाकला तर निदान माझ्या जागेवर तरी लाट येते ती मेलेली. आणि रात्री शेवटची बोट गेली की पाणी तुमचं.

पण दुपारचं सांगतो म्हणालो होतो. मांडवा मुंबईकडे तोंड करून बसलेला आहे, म्हणजे वायव्येचा खारा वारा थेट त्याच्यावर. दुपारी दोन ते सात नांगरावर बसणं म्हणजे रिक्षात बसून लिहिण्यासारखं. बंधाऱ्याच्या आत पाणी शांत असतं, पण तिथे छोट्या होडीला जागा मिळेलच असं धरून चालू नका. शनिवारी दुपारी पोचून होडीवर ताणून द्यायचा बेत असेल तर मांडवा तुमच्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगतो. माझं म्हणणं एवढंच की ज्या वेळी वारा आहे त्या वेळी होडीवर बसायचं कशाला, जायचं. पहाटेची मतलई धरून खाली खांदेरीकडे उतरायचं, शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्याला लांबून वळसा घालायचा, वारा पडेल तेव्हा शीड सैल सोडून पोळी-भाजी खायची, आणि दुपारचा खारा वारा आला की त्याच्यावर आडवं परत यायचं. दोन्ही वेळा वारा सोयीचा. असा दिवस मला गेटवेहून क्वचित मिळाला. तिथे निघताना आणि परतताना निम्मा वेळ मोठ्या जहाजांच्या वाटेतून बाजूला होण्यातच जायचा.

रात्री साडेआठ-नऊला वारा पडतो. त्यानंतरचा मांडवा मला तुम्हाला दाखवायचा आहे.

सगळ्यात जड होडीने आधीच नांगर टाकलेला असतो, भरपूर दोर सोडून. मग एकेक जण हळूच बाजूला येतो. आमच्याकडे फेंडरना जुने बनियन घातलेले असतात, नाहीतर रबर रात्रभर कुरकुरतं. दोर फेकला जातो, कुणीतरी क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, आठाचा आकडा घालतं, आणि इंजिन बंद. तीन होड्या, कधी चार. त्यानंतर कुणी उठून शिडी शोधत नाही, सरळ कठडा ओलांडून जातात. शेजारच्या होडीवरच्या डॉक्टरांकडचा सोडा आमच्या कॉकपिटमध्ये, आमची मुलगी पलीकडच्या केबिनमध्ये त्यांच्या मुलांबरोबर पत्ते खेळतेय, चीफ मधल्या होडीवर पाय पसरून कुणाचीतरी दोर ओढायची विंच उघडून बसलेले. हो, चीफही आले. माझ्यानंतर वर्षाने. "तिकडे फोनवर जेवून कंटाळा आला," म्हणाले. त्या रात्री त्यांनी पुन्हा कोलंबीची खिचडी केली आणि भांडं माझ्या हातात देताना मुद्दाम दोन सेकंद सोडलंच नाही.

झोपायच्या आधी सुटायचं, हा आमचा नियम आहे आणि तुम्हीही तो पाळा. पाणी फिरलं की होड्या वेगवेगळ्या फिरतात, आणि पहाटे मतलई आली तर झोपेत फेंडर सांभाळायला कुणी नसतं.

नियम कळला तो अनुभवाने. दुसऱ्या मोसमात फेब्रुवारीत, पहाटे तीनच्या सुमाराला कुणीतरी बाहेरून होडीवर थापा मारतंय असं वाटलं. वर येऊन बघतो तर मांडव्याचे दिवे जिथे असायला हवेत तिथे नव्हते. नांगराच्या फाळात जुन्या जाळ्याचा गुंडा अडकला होता आणि आम्ही होड्या बांधलेल्या तशाच मस्तपैकी झोपेत सरकत होतो. थापा मारत होते बोडणीचे एक नाखवा, मासेमारीला निघालेले. "शेट, नांगर सुटलाय तुमचा, खडकाव जाशाल," म्हणाले, आणि आम्ही इंजिन सुरू करून नांगर वर घेईपर्यंत त्यांच्या बोटीचा उजेड आमच्यावर धरून थांबले. त्यांच्या भरतीची वेळ टळत होती तरीही. दुसऱ्या दिवशी शोधत गेलो, पैसे पुढे केले, ते त्यांनी बघितलेही नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "जुना शीड हाय का तुमच्याकरं? ताडपत्रीला चांगला व्हईल." होतं. माझं पहिलं मेनसेल आता पावसाळ्यात बोडणीच्या किनाऱ्यावर त्यांच्या बोटीवर पसरलेलं असतं, त्यावरचा नंबर अजून दिसतो.

तर शेजार म्हणजे हा. मांडव्याला कुणाचा पाना कुणाकडे आहे याचा हिशेब लागत नाही. माझ्या पेटीत आत्ता दोन पाने दुसऱ्यांचे आहेत आणि माझा एक कुठेतरी तिसरीकडे आहे. जानेवारीत कुणीतरी धोकवड्याच्या वाडीवरून निरोप पाठवतं की शेंगा तयार आहेत, मग सगळा काफिला किनाऱ्यावर पोपटीला. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, ओवा-मीठ चोळलेली कोंबडी, मडकं उलटं करून भोवती जाळ. ज्यांना पोपटी नुसती ऐकून माहीत आहे त्यांनी एकदा हाताला काजळी लावून घ्यावी. परत येताना ओहोटी असेल तर डिंगी चिखलातून ओढत न्यावी लागते, तेव्हा पोपटीचा दिवसही तिथी बघूनच ठरतो.

सगळं गोड नाही. मांडव्याला एकांत मिळत नाही. पुस्तक घेऊन पुढच्या टोकाला बसलात तर अर्ध्या तासात कुणीतरी "काय, बरं नाही का?" म्हणून डिंगीतून येतं. एक गृहस्थ आहेत, मनाने चांगले, पण त्यांच्या जनरेटरवरून दोन मोसम इतकी धुसफूस झाली की एका दिवाळीला फराळाचे डबे त्यांच्या होडीला वळसा घालून गेले. पुढे मिटलं, सोलर पॅनेल बसवल्यावर. गेटवेला असलं काही होत नाही. तिथे कुणाचं कुणावाचून अडत नाही, म्हणून कुणाचं कुणाशी वाजतही नाही. कादंबरी लिहायची असेल, वैतागून चार दिवस गप्प राहायचं असेल, तर एवढ्या शहरासमोर गेटवेसारखी एकांताची जागा नाही. हे मी थट्टेने म्हणत नाही.

परदेशी दर्यावर्दींची सोबत मिळेल म्हणून कुणी जागा निवडत असेल तर दोन्ही ठिकाणी निराशा आहे. पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या परदेशी शिडाच्या होड्या बहुतेक कोचीला बोलगट्टीकडे जातात. मुंबईत आलीच एखादी तर तिचे लोक कागदांत गुंतलेले असतात. चार वर्षांत आमच्या रांगेत असं एकच जोडपं येऊन बसलं, तीन रात्रींसाठी. जाताना त्यांनी पोपटीचं रिकामं मडकं मागून नेलं.

काही सुट्या गोष्टी. बुडाला बार्नाकल, ते चिकटून बसणारे कवचाचे जीव, दोन्हीकडे लागतात, माझ्या अनुभवात गेटवेला थोडे जास्त आणि वर तेलाची काळी रेघ फुकट. प्रोपेलरला प्लास्टिक गुंडाळणं उधाणाच्या ओहोटीला दोन्हीकडे. प्यायचं पाणी मांडव्याला वीस लिटरच्या जारमधून डिंगीत घालून न्यावं लागतं, कंबर सांभाळा. पाहुणे आणायचे असतील तर गेटवेला ते चर्चगेटहून टॅक्सीने येतात आणि दोन तासांत जातात. मांडव्याला येतात ते राहायलाच, मग त्यांना सासवण्याला करमरकरांची शिल्पं दाखवून आणता येतात. पावसाळ्यात तर दोन्हीकडून होडी वरच काढायची आहे. फरक एवढाच की जून-जुलैत गेटवेच्या मांडवा-बोटी बंद असताना यार्डातल्या होडीला बघायला जायचं तर रो-रो नाहीतर गाडी. २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून गाडीचा रस्ता सुसह्य झाला आहे, वडखळच्या वाहतूक कोंडीची आठवण काढू नका. गेटवेच्या बाजूला रेडिओ क्लबजवळ नवी प्रवासी जेट्टी होते आहे. ती झाली की लाँचची वर्दळ कुठे सरकते त्यावर माझं गेटवेबद्दलचं मत कदाचित बदलावं लागेल, तेव्हा घाईने दहा वर्षांचा निर्णय करू नका.

आणि एक गोष्ट लपवत नाही. होळीनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, एप्रिल-मेमध्ये तर रात्री दहापर्यंत पडतच नाही. तेव्हा मांडव्याचं सगळं गणित विस्कटतं. मी स्वतः एप्रिलमध्ये दोन-तीन आठवडे होडी कुलाब्याच्या आडोशाला परत आणतो, अर्धा कप चहा पितो, आणि चीफशी ७२ वर बोलतो. कारण तेही आलेले असतात, दोन बोये सोडून.

तर, क्लबचं सभासदत्व असेल, घरी लहान मूल असेल, नोकरी शनिवारी अर्धा दिवस मागत असेल, किंवा माणसांपासून थोडं लांब राहायचं असेल, तर गेटवे. मी असा सल्ला दोघांना दिला आहे आणि दोघंही सुखात आहेत. तसं काही नसेल, तर निदान एक मोसम, ऑक्टोबर ते होळी, मांडव्याला काढून बघा. आवडलं नाही तर बोया कुठे पळून जात नाही.

आलात तर रात्री नऊनंतर या, वारा पडल्यावर. डाव्या बाजूने लावा, उजवीकडे डॉक्टर असतात. फेंडर आमचे घाला, तुमच्या फेंडरवर अजून बनियन चढवलेले नसतील.